थिबा राजाच्या घरची काच

राजवाड्यातून आलेला म्हणून एखादा कोरीव काचेचा पेला, सुरई किंवा अत्तरदाणी संग्राहकापुढे ठेवली जाते, तेव्हा किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न एकच असतो: ही वस्तू वाड्याबाहेर पडली कशी? वापरातली भांडी बाजारात नेऊन विकण्याची राजांची रीत नव्हती. भेट म्हणून दिलेल्या वस्तू सोडल्या, तर त्या बाहेर येण्याच्या मुख्य वाटा तीन. युद्धातली लूट, विजेत्याने भरवलेला लिलाव आणि राज्य गेल्यावर घर चालवण्यासाठी केलेली विक्री. या तिन्ही वाटा एकाच घराण्याच्या इतिहासात पाहायच्या असतील, तर रत्नागिरीच्या थिबा पॅलेसची गोष्ट मुळापासून समजून घ्यावी लागते. ही गोष्ट सुरू होते मंडालेत, आणि तिचे कारण आहे मुंबईत.

ब्रह्मदेशाचा राजा मिंडॉन याने १८५७ साली मंडाले वसवले. चौकोनी तटबंदी, भोवती खंदक, मधोमध सागवानी राजवाडा. दगडविटांचे बांधकाम तिथे थोडेच; राजाचे घर लाकडाचे. त्या लाकडावर सोन्याचा मुलामा आणि मुलाम्यात बसवलेले आरशाचे बारीक तुकडे, अशी तिथली सजावट होती. खांब, कमानी, सिंहासनाच्या मागची भिंत, सगळीकडे काच. राजवाड्यातल्या एका मोठ्या दालनाचे नावच काचेचा महाल असे होते. हे नाव जुने आहे. बागीडॉ राजाने १८२९ मध्ये ब्रह्मदेशाचा इतिहास लिहायला विद्वानांचे मंडळ नेमले. ते आवा येथल्या काचमहालात बसून काम करत असे, म्हणून त्यांच्या बखरीलाही काचमहालाची बखर म्हणतात. अमिताव घोष यांच्या २००० सालच्या कादंबरीचे नाव मंडालेच्या दालनावरून आले, आणि तिच्यातला बराच भाग रत्नागिरीत घडतो.

आता इथे एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मंडालेच्या दरबारात काच होती ती भिंतीत. राजाच्या हातातली वस्तू सोन्याची असे. विड्याचा डबा, पाण्याची झारी, पिकदाणी, पेला ही केवळ भांडी नव्हती, ती दर्जाची चिन्हे होती. कोणत्या सरदाराचा विड्याचा डबा कशाचा असावा, त्याच्या डोक्यावर कोणत्या रंगाची छत्री धरावी, याचे नियम ठरलेले होते आणि ते मोडणे हा गुन्हा होता. सर्वांत वरचा दर्जा म्हणजे माणकांनी मढवलेले सोने. म्हणून थिबाच्या राजचिन्हांत मुख्य मान आहे तो सोन्याला आणि माणकांना.

त्याच काळात हिंदुस्थानातल्या संस्थानिकांच्या घरी उलटी हवा होती. सोने-चांदी त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या होतीच. नवा मान होता तो विलायती बिलोरी काचेला. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या चाळीशीतच कलकत्त्याला आपली पेढी उघडली होती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात याच कंपनीने २७ फूट उंचीचे काचेचे कारंजे उभारले, आणि त्यानंतर राजेरजवाड्यांच्या मागण्यांना खंड पडला नाही. उदयपूरच्या महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये काचेच्या खुर्च्या, मेजे आणि पलंगसुद्धा मागवले. माल पोचण्याआधीच, १८८४ मध्ये, ते वारले. पेट्या तशाच बंद राहिल्या आणि शंभरहून अधिक वर्षांनी उघडल्या गेल्या. ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये जयविलास राजवाडा उभा केला. तिथल्या दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत. ती टांगण्याआधी छत पेलेल की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले, असे सांगतात. तिथल्या जिन्याचा कठडा काचेच्या खांबांचा आहे, आणि भोजनाच्या मेजावर फिरणाऱ्या चांदीच्या आगगाडीच्या डब्यांत कोरीव काचेच्या सुरया आहेत. सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की चालू लागते. या वस्तूंची मागणी कोणी केली, त्या कोणासाठी आल्या, हे ठाऊक आहे, आणि बहुतेक आजही त्याच वाड्यांत आहेत. थिबाच्या घराच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

थिबाचा जन्म १८५९ चा. मिंडॉनच्या अनेक पुत्रांपैकी तो एक, मठात शिकलेला, पाली ग्रंथांच्या परीक्षेत चमकलेला. राजा होण्याची त्याची पाळी सहजी आली नसती. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये मिंडॉन वारला आणि राणीवशातल्या डावपेचांतून एकोणीस वर्षांचा थिबा गादीवर बसला. त्याची राणी सुपयालत ही त्याची सावत्र बहीण. १८७९ च्या फेब्रुवारीत गादीवर हक्क सांगू शकतील अशा भाऊबंदांची राजवाड्यात कत्तल झाली. त्या हत्याकांडाच्या बातम्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांना थिबाला राक्षस ठरवायला आयते साधन मिळाले. कत्तल खरी होती, भयानक होती. पण इंग्रजांची फौज मंडालेवर गेली ती त्यानंतर पावणेसात वर्षांनी, आणि तिचे निमित्त वेगळे होते.

ते निमित्त म्हणजे सागवान. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झाली. वॉलेस बंधूंची ही कंपनी उत्तर ब्रह्मदेशातल्या राजाच्या जंगलांतून सागाचे ओंडके काढून इरावतीतून खाली आणत असे आणि दर ओंडक्यामागे राजाला पैसे देत असे. १८८५ मध्ये राजाच्या न्यायसभेने कंपनीवर ठपका ठेवला की, ओंडके काढले जास्त आणि दाखवले कमी. दंड सुमारे २३ लाख रुपयांचा. मुंबई, रंगून आणि लंडन इथल्या व्यापाऱ्यांनी एकच ओरड केली. त्यात थिबाने फ्रेंचांशी बोलणी चालवल्याची बातमी आली, आणि इंग्रज सरकारला पूर्वेकडून फ्रान्स आपल्या दारात येतो आहे असे वाटू लागले. २२ ऑक्टोबर १८८५ ला व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी निर्वाणीचा खलिता पाठवला. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने चालवा, ही त्यातली अट कोणत्याही स्वतंत्र राजाला मान्य होण्यासारखी नव्हती. खलिता नाकारला जावा म्हणूनच तो तसा लिहिला होता, असे माझे मत आहे.

पुढचे युद्ध पंधरवड्यात आटोपले. जनरल प्रेंडरगास्ट यांची फौज आगबोटींतून इरावतीतून वर निघाली, मिन्हलाच्या किल्ल्यापाशी एक चकमक झाली, आणि २८ नोव्हेंबरला इंग्रज मंडालेच्या धक्क्याला लागले. कर्नल स्लेडन हा राजकीय अधिकारी पूर्वी मंडालेत इंग्रजांचा वकील होता. त्याला ब्रह्मी भाषा येत होती, थिबाला तो लहानपणापासून ओळखत होता. तोच आधी आत गेला आणि राजाची शरणागती घेऊन आला. राजाला ती एक रात्र राजवाड्यात राहू द्यायचे ठरले.

राजघराण्याच्या वस्तूंची पहिली वाट त्या एका रात्रीत मोकळी झाली. राजवाड्याच्या वेशींवर गोरे पहारे बसले, पण स्त्रियांना ये-जा करू द्यावी असा हुकूम होता. राणीच्या दासी निघून जाऊ लागल्या. त्यांच्याबरोबर शहरातल्या बायका आत शिरल्या आणि गाठोडी घेऊन बाहेर पडल्या. मुंबईच्या बॉम्बे गॅझेटचे संपादक ग्रॅटन गिअरी यांनी लढाईनंतर लगेच ब्रह्मदेशात जाऊन पुस्तक लिहिले. १८८६ सालचे हे पुस्तक, आणि तेही एका इंग्रज संपादकाचे, त्या दिवसांतला गोंधळ लपवत नाही. रात्र सरली तेव्हा राणीच्या शेकडो दासींपैकी थोड्याच उरल्या होत्या. दालनांत पेट्या उघड्या पडल्या होत्या. काय गेले याची मोजदाद करणारा कोणी उरला नव्हता, आणि जे नेत होते ते अर्थातच नोंद ठेवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी, २९ नोव्हेंबरला, प्रेंडरगास्ट राजवाड्याच्या बागेतल्या मंडपात राजासमोर आले. थिबाने तयारीसाठी एक-दोन दिवस मागितले. मिळाली दहा मिनिटे. राजा, सुपयालत, तिची बहीण आणि राजाची धाकटी राणी सुपयागले, सासूबाई आणि मुली बैलगाडीने धक्क्यावर आल्या. रस्त्याच्या दुतर्फा लोक गुडघ्यांवर बसून रडत होते. थूरिया ही आगबोट त्यांना घेऊन निघाली. या घाईगर्दीत न्गा मौक नावाचे प्रसिद्ध माणिक राजाकडून गेले. ते सांभाळण्यासाठी आपण स्लेडनच्या हाती दिले आणि ते परत मिळालेच नाही, ही थिबाची तक्रार होती. ती त्याने रत्नागिरीहून पुन्हा पुन्हा सरकारकडे पाठवली. स्लेडन १८९० मध्ये वारला. माणिक कधीच सापडले नाही.

दुसरी वाट सरकारी होती. राजवाड्यात उरलेल्या वस्तूंची मोजणी करायला लष्करी समिती बसली. लढाईत हाती लागलेला ऐवज विकून पैसा करायची ही त्या काळची ठरलेली पद्धत होती. काही निवडक वस्तू राणी व्हिक्टोरियाकडे गेल्या, राजचिन्हे पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये दाखल झाली, आणि बाकीचा माल विकला गेला. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की या निवडीला जो निकष लावला गेला तो सोनाराचा होता. वजन किती, कस किती, माणिक किती. आरशांच्या चकत्यांना, दिव्यांना, काचेच्या भांड्यांना त्या तराजूत काही भाव नव्हता. १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याची घोषणा झाली. राजवाड्याच्या एका भागात गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब थाटला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन मंडालेला गेले तेव्हा त्यांना हा प्रकार असह्य वाटला आणि त्यांनी क्लब तिथून हलवायला लावला. पण मधल्या पंधरा वर्षांत तिथली किती काच फुटली, किती उचलली गेली, कोणाच्या घरी गेली, याचा हिशेब कोण देणार?

एक काम मात्र थिबाच्याच हातून झाले होते. बापाचा जीव ज्या दालनात गेला ते दालन त्याने उकलून राजवाड्याच्या आवाराबाहेर नेले आणि मठाला दिले. पुढे १९४५ च्या मार्चमध्ये, जपान्यांशी चाललेल्या लढाईत, सगळा राजवाडा जळून गेला तेव्हा बाहेर असल्यामुळे हेच दालन वाचले. मंडालेच्या राजवाड्याचे मूळ कोरीव लाकूड आणि मुलामा आज पाहायचा असेल तर तो त्या श्वेनान्डॉ मठातच पाहावा लागतो.

कॅनिंग या जहाजाने राजकुटुंब रंगूनहून मद्रासला आले. तिथे तिसरी मुलगी जन्मली. १८८६ च्या एप्रिलमध्ये क्लाइव्ह या जहाजाने त्यांना रत्नागिरीच्या बंदरात उतरवले.

रत्नागिरीच का? सरकारच्या दृष्टीने या गावाचे गुण म्हणजे त्याच्या गैरसोयी. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. रेल्वे नाही, ती यायला अजून शंभरहून अधिक वर्षे होती. मुंबईशी दळणवळण आगबोटीचे, तेही पावसाळ्यात बंद. परका माणूस आला तर दोन तासांत अख्ख्या गावाला कळायचे. ब्रह्मदेशातून कोणी राजाला सोडवायला येणे अशक्य. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये इंग्रजांनी रंगूनला नेले होते, तो तिथेच वारला. तोच डाव उलटा खेळला गेला. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत होता.

सुरुवातीला कुटुंबाला औट्रम हॉल आणि बेकर बंगला अशा दोन बंगल्यांत ठेवले. १८८७ मध्ये चौथी मुलगी रत्नागिरीतच जन्मली. पहारे होते, पोलीस अधिकारी नेमलेला होता, ये-जा करण्यावर बंधने होती. राजाचे वय सत्तावीस. राज्य नाही, काम नाही, आणि दरबाराच्या सवयी मात्र जाता जात नव्हत्या. नोकरचाकर भरपूर लागायचे, दानधर्म व्हायचा, सणासमारंभाला गावकऱ्यांना देणगी मिळायची. सरकारी तनखा या खर्चाला पुरत नसे. ब्रह्मदेशातून आलेली माणसे परत जात राहिली, त्यांच्या जागी आसपासच्या वाड्यांतली माणसे कामाला लागली. मुली त्यांच्या अंगाखांद्यावर वाढल्या आणि मराठी अस्खलित बोलू लागल्या.

इथे तिसरी वाट सुरू झाली, आणि ती सर्वांत लांब चालली. पैसा कमी पडला की राजा दागिने काढायचा. मंडालेहून सोबत आणलेली माणके, हिरे, सोने रत्नागिरीच्या सराफांकडे आणि सावकारांकडे जाऊ लागले. कधी गहाण, कधी विक्री. घेणाऱ्याला ठाऊक असायचे की विकणारा अडलेला आहे, तो बाजारात जाऊन दुसरा भाव विचारू शकत नाही. त्यामुळे मोलाचे दागिने कवडीमोलाने गेले. सरकारला हे कळले तेव्हा व्यवहारांवर नजर ठेवली गेली, राजाच्या कर्जाबद्दल पत्रव्यवहार झाला, पण गळती पूर्ण थांबली नाही. सुधा शहा यांनी थिबाच्या कुटुंबावरील आपल्या २०१२ च्या इंग्रजी पुस्तकात हा सगळा काळ सरकारी दफ्तरे आणि वंशजांच्या आठवणी यांतून बारकाईने मांडला आहे. ते वाचताना सर्वांत जास्त टोचते ती राजाची हतबलता. स्वतःच्याच दागिन्यांची खरी किंमत काय हे त्याला कधी कळूच शकले नाही, कारण मंडालेत त्याला ती विचारायची वेळ आली नव्हती.

अनेक अर्ज-विनंत्यांनंतर सरकारने राजासाठी वाडा बांधायचे मनावर घेतले. १९०६ मध्ये काम सुरू झाले, १९१० मध्ये पुरे झाले. खर्च सव्वा लाख रुपयांच्या वर गेला. टेकडीच्या कडेला, भाट्याची खाडी आणि अरबी समुद्र दिसेल अशा जागी ही तीन मजली, उतरत्या छपरांची तांबडी वास्तू उभी राहिली. वाड्यासाठी ब्रह्मदेशी सागवान वापरले असे सांगितले जाते. तसे असेल तर ज्या लाकडापायी राज्य गेले तेच लाकूड घराला आले.

या वाड्याच्या खिडक्या थांबून पाहाव्या अशा आहेत. अर्धवर्तुळाकार कमानी, त्यांत कोरीव लाकडाच्या चौकटी आणि चौकटींत रंगीत काचा. त्या इटलीच्या असल्याचे सांगतात. दिवस चढू लागला की आतल्या जमिनीवर त्यांचे रंग पडतात आणि उन्हाबरोबर सरकत जातात. ही काच मंडालेच्या काचेहून अगदी वेगळ्या जातीची. मंडालेची काच आरशाची होती. दिव्यांचा आणि सोन्याचा उजेड ती दरबारातच खेळवत ठेवायची. रत्नागिरीची काच बाहेरचा उजेड आत घेते. आराखडे सरकारी खात्यातून आले. पण मागच्या बाजूला बुद्धमूर्तीची स्थापना झाली आणि दर्शनाच्या दालनाला संगमरवरी फरशी लागली, यावरून घर राजाचे असावे ही इच्छा तिथे पोचली होती एवढे दिसते.

वाड्याचे सुख फार टिकले नाही. १९१२ मध्ये धाकटी राणी सुपयागले वारली. १९१६ च्या डिसेंबरमध्ये थिबा गेला, अठ्ठावन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. सुपयालतला पतीचा देह मंडालेला न्यायचा होता. सरकारने परवानगी दिली नाही आणि राणीने दफनाला संमती दिली नाही. देह सव्वादोन वर्षे तसाच ठेवला गेला. अखेर १९१९ च्या मार्चमध्ये सरकारने राणीच्या मनाविरुद्ध राजाला आणि सुपयागलेला रत्नागिरीतच थडग्यांत ठेवले. पुढच्याच महिन्यात सुपयालत मुलींबरोबर रंगूनला गेली. १९२५ मध्ये ती तिथे वारली. मंडाले तिला पुन्हा दिसले नाही.

थोरली राजकन्या मात्र परतली. वाड्यावरच्या गोपाळ सावंत या पहारेकऱ्याशी तिचे नाते जडले होते, त्यातून तिला मुलगी झाली होती. त्या मुलीला घेऊन ती रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिली. तिची शेवटची वर्षे हलाखीची गेली. मंडालेच्या राजवाड्यात जन्मलेली ही मुलगी आणि तिच्या लेकीचा रत्नागिरीतला मराठी संसार, हा या घराण्याचा इथे उरलेला सर्वांत जिवंत धागा आहे.  चौथ्या मुलीने ब्रह्मदेशात राहून न्गा मौकसह सगळ्या मालमत्तेची मागणी सरकारकडे लावून धरली. सरकारने तिला मौलमेनला पाठवले. तिथेच १९३६ मध्ये तिचे आयुष्य संपले.

वस्तू परत आल्या त्या स्वातंत्र्यानंतर. मंडालेच्या सिंहासनांपैकी एक, सिंहांच्या आकृत्यांचे, १९०२ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आणले होते. बाकीची सिंहासने १९४५ च्या आगीत गेली, आणि इंग्रजांनी हलवलेले हे एकच उरले. १९४८ मध्ये माउंटबॅटन यांच्या हस्ते ते ब्रह्मदेशाला परत मिळाले. आज ते यांगूनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लंडनमधली राजचिन्हे १९६४ मध्ये जनरल ने विन यांच्या भेटीच्या वेळी परत झाली. आभार म्हणून ब्रह्मदेशाने त्यांतली एक वस्तू लंडनच्या संग्रहालयालाच भेट दिली: माणकांनी मढवलेला, हंसाच्या आकाराचा सोन्याचा विड्याचा डबा. ही परतफेड शक्य झाली कारण या वस्तूंच्या नोंदी होत्या. ज्यांच्या नव्हत्या त्या कोणी मागायच्या आणि कोणाकडे?

म्हणूनच राजवाड्यातल्या काचेच्या बाबतीत कागदाला इतके महत्त्व आहे, आणि कागद नसेल तेव्हा काचेलाच बोलते करावे लागते. ती बोलते. जुन्या बिलोरी काचेत शिशाचा अंश असतो, त्यामुळे ती आकाराच्या मानाने जड लागते, आणि काठाला हलकी टिचकी मारली तर नाद थोडा लांबतो. कोरीव काम फिरत्या तांब्याच्या चाकावर तेल आणि कुरुंदाची पूड लावून होत असे. चाक एकाच जागी फिरत असे आणि कारागीर पेलाच त्याला लावून फिरवायचा. त्यामुळे भिंगाखाली पाहिले तर एका पाकळीची खोली दुसरीशी तंतोतंत जुळत नाही, आणि रेषेच्या तळाशी चाकाच्या बारीक ओरखड्यांची धुरकट चमक दिसते. साच्यात दाबून काढलेल्या काचेला दोन्ही बाजूंना सांध्याची रेघ असते आणि नक्षीच्या कडा बोथट लागतात. वापरलेल्या पेल्याच्या बुडाला वर्षानुवर्षे टेबलावर ठेवल्याचे वेडेवाकडे चरे असतात. मुद्दाम घासून केलेले चरे बहुधा एकाच दिशेचे असतात.

खुणांचेही तसेच. फ्रान्सची बाकारा कंपनी १७६४ पासूनची. पण आपल्या सगळ्या मालावर आम्लाने ठसा उमटवायला तिने १९३६ मध्ये सुरुवात केली. त्याआधी बहुतेक मालावर कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या जात, त्या धुण्यात निघून जात. तेव्हा बाकाराचा असा ठसा असलेला पेला कोणी थिबाच्या घरचा म्हणून दाखवला तर तो राजाच्या मृत्यूनंतर बनलेला असण्याचीच शक्यता मोठी. मोर कोरलेला असला म्हणूनही भुलायचे कारण नाही. मोर हे मंडालेच्या घराण्याचे चिन्ह खरे, मिंडॉनच्या चांदीच्या नाण्यावर तो पिसारा फुलवून उभा आहे. पण हिंदुस्थानी बाजारासाठी विलायतेत बनलेल्या काचेवर मोर हा आवडता नक्षीप्रकार होता. शिवाय ज्या दरबारात राजाचा मान सोन्याच्या झारीत होता, तिथली राजचिन्हांकित काचेची भांडी समोर आली तर संग्राहकाने आनंदून न जाता दुप्पट शंका घ्यावी. ग्वाल्हेर, बडोदे किंवा उदयपूरच्या नावाच्या काचेला जो न्याय लावता येतो तो मंडालेच्या काचेला लागू पडत नाही.

थिबा पॅलेसच्या वाट्याला पुढे सरकारी वापर आला. कधी अधिकाऱ्यांचे निवासस्थान, कधी तंत्रनिकेतन. आता वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे आणि तिथे संग्रहालय आहे. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पण सक्तीच्या नोंदणीत प्रामुख्याने मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते येतात. काचेची भांडी येत नाहीत. म्हणजे १८८५ मध्ये मंडालेत जे झाले, काचेची नोंद कोणीच घेतली नाही, ते आजही थोड्याफार फरकाने तसेच आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला राजाच्या थडग्यावर आले. २०१६ मध्ये मृत्युशताब्दीला तिथले उपराष्ट्राध्यक्ष, सेनाप्रमुख आणि राजघराण्याचे वंशज आले. त्या घराण्याची एखादी खुर्ची, दिवा किंवा पेला आपल्या घरी आहे असे मानणारे कुटुंब रत्नागिरीत असेल, तर त्याने ती वस्तू कोणाकडून, कोणत्या साली, किती पैशांना आणि कोणाच्या समक्ष आली हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून आज लिहून काढावे, खाली तारीख घालावी, आणि तो कागद वस्तूबरोबरच ठेवावा. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहावे. थिबा पॅलेसमधल्या संग्रहालयाला त्याची एक प्रत दिली तर अधिकच चांगले.